घरच्या ब्रेडसाठी बांबूचा स्लायसर : एक सविस्तर परीक्षण

घरी ब्रेड भाजणाऱ्यांची ठाण्यात आता वाण राहिलेली नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपासून घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांपर्यंत कुठेही चौकशी केली, तरी ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या छोट्या भट्टीत) कणकेचा किंवा मैद्याचा लोफ करणारे एखादे घर निघतेच. पीठ किती मळावे, किती फुगू द्यावे, किती तापमानाला भाजावे यावर या घरांत बारकाईने चर्चा होते. तयार झालेला लोफ कापायचा कसा, हा विषय मात्र माणसे टेबलाशी येऊन बसल्यावरच निघतो. मला हा भाग मळण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण चांगला फुगलेला, नीट भाजलेला लोफही वाकड्या हाताने कापला तर एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड असे स्लाइस पडतात, त्यांची सँडविचे मिटत नाहीत, आणि टोस्टरमध्ये पातळ कड करपेपर्यंत जाड कड पांढरीच राहते.

याच कारणासाठी मी हाताने वापरायचा बांबूचा ब्रेड स्लायसर घेतला आणि एक अख्खा पावसाळा व त्यानंतरचे महिने तो नियमित वापरला. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगते : टिनमध्ये भाजलेला सरळ बाजूंचा लोफ जर तुमच्या घरी आठवड्याला होत असेल, तर हे साधन घेण्याजोगे आहे, परंतु त्याच्याकडून जे काम होते त्याच्या निम्म्याहून अधिक श्रेय योग्य लांबीच्या सुरीचे आणि लोफ पुरता निवू देण्याचे असते. या दोन गोष्टी नसतील, तर स्लायसर कितीही चांगला असला तरी तो फक्त चुरगळलेल्या ब्रेडचे एकसारख्या जाडीचे तुकडे करून देईल.

साधनाची रचना सोपी आहे. खाली एक पाट, त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या, आणि एका टोकाला लोफ टेकवण्यासाठी आडवी फळी. बाजूच्या फळ्यांमध्ये समोरासमोर उभ्या खाचा असतात. लोफ आडव्या फळीला टेकवायचा, सुरी समोरासमोरच्या दोन खाचांत घालायची आणि पुढे-मागे चालवत खाली न्यायची; फळी आणि सुरी यांच्यामध्ये सापडलेला भाग म्हणजे एक स्लाइस. तो काढून घ्यायचा, लोफ पुन्हा पुढे सरकवायचा. माझ्याकडच्या स्लायसरमध्ये अशा खाचांच्या तीन जोड्या आहेत आणि पट्टीने मोजल्या तर त्या सुमारे १०, १२ आणि १५ मिलिमीटर जाडीचे स्लाइस देतात. सुतार लाकडी पट्ट्या नेमक्या कोनात कापण्यासाठी खाचांचा जो खोका वापरतात, त्याचेच हे तत्त्व आहे. पाटाखाली चुरा गोळा होण्यासाठी एक उथळ ताटली सरकवलेली असते आणि काम झाल्यावर बाजूच्या फळ्या बिजागरीवर घडी होऊन संपूर्ण वस्तू जाडजूड पोळपाटाएवढ्या जागेत बसते. आमच्या इथल्या स्वयंपाकघरांचे ओटे पाहता ही घडी होणे चैनीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे.

हातात सुरी धरून सरळ कापणे इतके अवघड का जाते, याचे एक कारण सुरीतच असते. ब्रेड कापण्याच्या बहुतेक दातेरी सुऱ्यांना धार फक्त एका बाजूने लावलेली असते. दुसरी बाजू सपाट असते. अशी सुरी खाली जाताना धार लावलेल्या बाजूकडून सपाट बाजूकडे ढकलली जाते. उजव्या हाताने कापणाऱ्याची सुरी त्यामुळे डावीकडे, म्हणजे लोफच्या आत शिरू पाहते, आणि वरच्या कडेला बारा मिलिमीटरचा असलेला स्लाइस तळाशी पंधराचा होतो. अनुभवी हात नकळत मनगट किंचित उलट वळवून हे सावरतो. ज्यांना तो सराव नाही त्यांच्यासाठी खाचांचे हेच खरे काम : त्या सुरीला भरकटू देत नाहीत. डावखुऱ्या माणसांना बाजारातल्या सर्वसाधारण सुऱ्यांचा त्रास आणखी वेगळा होतो, कारण धार त्यांच्या दृष्टीने उलट्या बाजूला असते; आमच्या घरातल्या डावखुऱ्या व्यक्तीला स्लायसरचा खूप उपयोग झाला, हे मुद्दाम नोंदवते.

आता सुरीच्या लांबीचा प्रश्न. या वस्तूची जाहिरात करणारे याबद्दल फारसे बोलत नाहीत, आणि निराश होणाऱ्या बहुतेक लोकांची निराशा इथेच जन्मते. माझ्या स्लायसरची आतली रुंदी १३ सेंटिमीटर आणि बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी १५ सेंटिमीटर आहे. सुरी दोन्ही खाचांत कायम अडकलेली राहायला हवी असेल, तर तिच्या पात्यातले हे १५ सेंटिमीटर सतत गुंतलेले राहतात. घरात सहसा असते ती आठ इंची, म्हणजे २० सेंटिमीटर पात्याची ब्रेड नाइफ घेतली, तर पुढे-मागे चालवायला उरतात फक्त पाच सेंटिमीटर. दातेरी सुरीचे काम करवतीसारखे, लांब ओढींनी चालते. ओढ आखूड झाली की माणूस आपोआप वरून दाब देऊ लागतो, आणि दाब पडला की मऊ ब्रेड बसतो. दहा इंची, म्हणजे २५ सेंटिमीटरचे पाते असेल तर ओढ दहा सेंटिमीटरची, अगदी दुप्पट होते. पात्यात पाचच सेंटिमीटरची वाढ, पण कापण्याच्या सुखात जमीन-अस्मानाचा फरक. आठ इंची सुरीने याच स्लायसरमध्ये कापलेला दुधाचा मऊ लोफ मध्यभागी खचलेला निघाला आणि दहा इंची सुरीने त्याच लोफचा उरलेला अर्धा भाग स्वच्छ कापला गेला, हे मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे लांब सुरी नाही त्यांनी पैसे आधी सुरीवर घालावेत आणि स्लायसर नंतर घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरीच्या जाडीचाही विचार करावा लागतो. खाच सुरीपेक्षा जितकी रुंद, तितकी सुरी तिच्यात डगमगते. माझ्या सुरीचे पाते सुमारे दोन मिलिमीटर जाड आणि खाच तीन मिलिमीटरची आहे. म्हणजे एक मिलिमीटरची मोकळीक. सुरी एका फळीत डाव्या कडेला आणि दुसऱ्या फळीत उजव्या कडेला टेकली, तर स्लाइसच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारे एवढाच फरक पडू शकतो. बारा मिलिमीटरच्या स्लाइसला तो डोळ्यांना जाणवतही नाही. मात्र चार मिलिमीटरच्या ऐसपैस खाचांचे स्लायसरही बाजारात दिसतात, आणि त्यांत पातळ पात्याची सुरी घातली तर तीन मिलिमीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे जाडीचा चौथा हिस्सा. मग साचा वापरून काय साधले? अशा वेळी सुरी जाणीवपूर्वक खाचेच्या एकाच कडेला, मी आडव्या फळीच्या बाजूच्या कडेला, टेकवून चालवावी. मोकळीक असूनही स्लाइस सारखे निघतात. ही युक्ती कोणत्याही स्लायसरला लागू पडते.

ब्रेड निवू देण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण त्यावाचून वरचे सगळे व्यर्थ आहे. लोफ ओटीजीतून बाहेर येतो तेव्हा त्याच्या गाभ्याचे तापमान ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पिठातला स्टार्च तोपर्यंत पाणी शोषून फुगलेला आणि लिबलिबीत झालेला असतो, आणि त्याला आकार धरायला थंड व्हावे लागते. वाफही अजून आतल्या ओलाव्याला कवचाकडे नेत असते. त्या अवस्थेत सुरी घातली की आतला भाग पात्याला चिकटतो, दातांमध्ये गोळे अडकतात, आणि पुढचा प्रत्येक स्लाइस फाटत जातो. टिनमधून काढून जाळीवर ठेवलेल्या साध्या मैद्याच्या लोफला किमान दोन तास द्यावेत. कणकेच्या लोफला मी अधिक वेळ देते. संध्याकाळी भाजून तो सकाळी कापणे सर्वांत सोयीचे जाते. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातली हवाच तिशीच्या वर असते, त्यामुळे लोफ वरून निवला तरी आतून बराच वेळ उबदार राहतो. तळाला हात लावून पाहावा. तळाच्या मध्यभागी ऊब लागत असेल तर थांबावे. टिनमध्येच निवू देणे मात्र टाळावे, कारण वाफ अडकून कडा ओल्या होतात आणि ओली कड दातेरी सुरीनेही नीट कापली जात नाही.

लोफ ठेवण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. टिनमधून निघालेल्या लोफचा माथा घुमटासारखा फुगलेला आणि टणक असतो. सुरी त्याच्यावर टेकवली की पहिल्या ओढीला ती घसरते आणि माणूस दाब देतो. याऐवजी लोफ कुशीवर ठेवावा. टिनला लागून भाजलेली बाजू सपाट असते, तिचे कवच तुलनेने मऊ असते, आणि सुरी लगेच पकड घेते. शिवाय घुमट खाली चेपत नाही. स्लायसरच्या फळ्यांपेक्षा उंच फुगलेल्या लोफसाठी तर हाच मार्ग आहे, कारण लोफ फळ्यांच्या वर निघाला की सुरीला पहिले काही सेंटिमीटर कसलाच आधार मिळत नाही आणि वाकडी सुरुवात खाली कितीही नीट चालवले तरी भरून निघत नाही. झाकणाच्या चौकोनी टिनमध्ये भाजलेल्या सँडविच ब्रेडला अशी काही अडचण येत नाही. तो या साधनासाठीच केल्यासारखा बसतो.

सर्वच ब्रेड असे वागत नाहीत. तूप किंवा लोणी आणि दूध घातलेला मैद्याचा लोफ १० मिलिमीटरच्या खाचेत सुरेख कापला जातो आणि डब्यातल्या काकडी-चटणीच्या सँडविचला तीच जाडी शोभते. निव्वळ चक्कीच्या कणकेच्या लोफला मात्र १२ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. कणकेतल्या कोंड्यामुळे ग्लूटेनचे, म्हणजे पीठ बांधून धरणाऱ्या प्रथिनांचे, जाळे जागोजागी तुटते आणि पातळ स्लाइस हातात घेताच मोडतो. नाचणी किंवा ज्वारीचे पीठ बऱ्याच प्रमाणात घातले तर १५ हीच जाडी धरावी. अक्रोड, बेदाणे घातलेल्या ब्रेडमध्ये सुरी अक्रोडाला अडली तर ती रेटायची नाही, ओढ हलकी आणि लांब करायची. रेटले तर अक्रोड स्लाइसमधून भोक पाडत खाली जातो. गोल, हाताने घडवलेल्या आंबट पिठाच्या ब्रेडसाठी मात्र हा स्लायसर घेऊच नये. मधला भाग तेरा सेंटिमीटरच्या जागेत मावत नाही, आणि मावला तरी बाजू सरळ नसल्याने लोफ डोलतो. त्यासाठी आडवा ठेवलेला जाड पाट, लांब सुरी आणि सराव याला पर्याय नाही. लादीपावाशी तर याचा संबंधच नाही. पाव हाताने फाडायचा किंवा मधून चिरायचा असतो.

हे साधन ज्यांच्या हातांसाठी सर्वांत मोलाचे ठरले त्या माझ्या सासूबाई. त्यांच्या बोटांच्या सांध्यांना सूज असते, आणि एका हाताने लोफ घट्ट धरून दुसऱ्याने सुरी सरळ ठेवणे हे दोन्ही एकाच वेळी त्यांना जमत नसे. स्लायसरमध्ये लोफ बाजूच्या फळ्या धरून ठेवतात आणि सुरी खाचा धरून ठेवतात. हातांना फक्त ओढ द्यायची उरते. पहिल्यांदा कापून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आता ब्रेड कापायला तुझी वाट बघायला नको गं, माझं मी करीन.” बोटे फळीच्या मागे राहतात, हाही त्यातला मोठा दिलासा. तरीही एक सावधगिरी सांगते. लोफ संपत आला की शेवटचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा मागून धरायला जागा राहत नाही आणि बोटे खाचेच्या जवळ येऊ लागतात. तो तुकडा स्लायसरमध्ये कापूच नये. आमच्याकडे तो तसाच ठेवून त्याचे चौकोनी तुकडे तुपावर परततात, किंवा वाळवून कटलेटसाठी चुरा करतात. लहान मुलांना टेबलापाशी हौस असते. मोठे माणूस शेजारी उभे असल्याशिवाय त्यांच्या हाती दातेरी सुरी देऊ नये, खाचा असल्या तरी.

बांबू आणि ठाण्याचा पावसाळा यांचे फारसे जमत नाही. खाडीची दमट हवा जूनपासून घरात ठाण मांडून बसते, आणि ओल राहिलेल्या लाकडी वस्तूंवर काही दिवसांत करड्या ठिपक्यांची बुरशी येते. माझ्या स्लायसरच्या खाचांच्या तळाशी, जिथे चुरा अडकतो आणि फडके पोहोचत नाही, तिथे जुलैमध्ये असे ठिपके दिसू लागले. व्हिनेगरने पुसून आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खाचा साफ करून ते गेले. त्यानंतर मी हा स्लायसर पाण्याखाली धरणे पूर्ण बंद केले आहे. चुरा कोरड्या ब्रशने झाडायचा, ओलसर फडक्याने पुसायचे, आणि घडी न करता उघडाच, पंख्याच्या वाऱ्याला उभा ठेवायचा. पूर्ण सुकल्यावरच घडी करून आत ठेवायचा. भांड्यांच्या मशीनमध्ये किंवा पाण्यात भिजत घातला तर पट्ट्या जोडणारा डिंक सुटतो आणि फळ्या पीळ खातात, आणि फळीने पीळ खाल्ला की खाचा समोरासमोर राहत नाहीत. म्हणजे मग ती वस्तू निरुपयोगीच झाली. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा पातळ हात देणे चांगले. घरातले शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचे तेल लावू नये, ते कालांतराने खवट होते आणि तो वास ब्रेडला लागतो. सुरीच्या घर्षणाने खाचांच्या कडा थोड्याफार झिजतात आणि सुरुवातीच्या काही लोफांबरोबर बांबूचा बारीक भुसा निघतो, तोही आधी एका शिळ्या लोफवर सुरी चालवून काढून टाकावा.

या कारणाने प्लास्टिकचा स्लायसर बरा, असे वाटू शकते. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे तसा आहे आणि तिच्या घरी मी तो वापरून पाहिला. तो नळाखाली धुता येतो, बुरशीचे नाव नाही, वजनाने हलका आहे. पण त्याचे हलकेपण हाच त्याचा दोष ठरतो : सुरी ओढली की तो ओट्यावर सरकतो, आणि त्याच्या पातळ भिंती दाबाने बाहेर फाकतात, त्यामुळे खाच वरच्या बाजूला रुंद होत जाते. ओले फडके खाली अंथरल्यावर सरकणे थांबले, फाकणे थांबले नाही. शिवाय दातेरी सुरीने प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि त्याचे बारीक कण ब्रेडच्या चुऱ्यात मिसळण्याची शक्यता मला अस्वस्थ करते. ज्यांना कोरडे ठेवण्याची कटकट अजिबात नको त्यांनी जाड भिंतींचा, खाली रबराचे पाय असलेला प्लास्टिकचा स्लायसर पाहावा. माझी पसंती बांबूलाच राहील.

स्लाइस किती करावेत, हाही या साधनाच्या वापराचाच भाग आहे. वीस सेंटिमीटर लांबीच्या लोफचे १२ मिलिमीटरच्या खाचेत हिशेबाने सोळा स्लाइस होतात, शेवटचा न कापता येणारा तुकडा वगळला तर तेरा-चौदा. ते सगळे एकदम कापून ओट्यावर ठेवले तर लवकर सुकतात, कारण प्रत्येक कापामागे दोन नवे उघडे पृष्ठभाग तयार होतात. ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ओटो रोहवेडर यांच्या यंत्राने ७ जुलै १९२८ रोजी मिसूरीतल्या चिलिकॉथे गावच्या बेकरीतून कापलेला ब्रेड पहिल्यांदा विक्रीला आला, तेव्हा कापण्याबरोबरच तो लगेच गुंडाळून ओलावा टिकवणे हाही त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. पुढे युद्धकाळात, जानेवारी १९४३मध्ये, तिथल्या सरकारने कापलेल्या ब्रेडच्या विक्रीवर बंदी आणली, तिच्यामागे दिलेले एक कारण हेच होते की कापलेल्या ब्रेडला अधिक जाड वेष्टन लागते. लोकांच्या नाराजीमुळे ती मार्चमध्येच उठवावी लागली.

घरात यावर दोन मार्ग आहेत. त्या दिवशी लागतील तेवढेच स्लाइस कापायचे आणि लोफची कापलेली बाजू खाली करून तो पाटावर उभा ठेवायचा, किंवा सगळा लोफ एकदम कापून फ्रीजरमध्ये ठेवायचा. मी दुसरा मार्ग धरते, आणि एकसारख्या जाडीचा खरा लाभ तिथेच दिसतो. दोन-दोन स्लाइसमध्ये बटर पेपरचा तुकडा घालून हवाबंद पिशवीत ठेवले की सकाळी लागतील तितकेच निघतात आणि गोठलेलेच टोस्टरमध्ये घालता येतात. सगळे सारखे असल्याने एकाच वेळी भाजून होतात. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मात्र ब्रेड ठेवू नये. तिथल्या थंडीत स्टार्च पुन्हा घट्ट होण्याची क्रिया बाहेरच्यापेक्षा वेगाने होते आणि ब्रेड दुसऱ्याच दिवशी शिळ्यासारखा कडक लागतो, तर फ्रीजरमध्ये तीच क्रिया जवळजवळ थांबते. बाहेर ठेवलेला बिनप्रिझर्व्हेटिव्हचा ब्रेड आमच्याकडे पावसाळ्यात तीन दिवसही धड राहत नाही, तेव्हा कापून गोठवणे हीच सर्वांत कमी नासाडीची पद्धत आहे.

किमतीबद्दल : मला हा स्लायसर हजार रुपयांच्या आत मिळाला. जी दहा इंची सुरी मी सोबत घेतली ती धरून खर्च वाढतो, पण ती सुरी केक आणि अननसापर्यंत सगळ्याला उपयोगी पडते. घेण्याआधी आपल्या टिनची वरची रुंदी मोजून त्यात किमान एक सेंटिमीटर मिळवावा, कारण ब्रेड फुगताना टिनच्या ओठावर पसरतो, आणि स्लायसरची आतली रुंदी त्याहून जास्त आहे की नाही ते पाहावे. खाचा पाटाच्या पृष्ठभागाच्या खालपर्यंत गेलेल्या असाव्यात. त्या पाटाच्या वरच संपत असतील तर तळाचे कवच कापलेच जात नाही आणि प्रत्येक स्लाइस शेवटी हाताने तोडावा लागतो. तोडताना तळ फाटतो. पाटावर उभ्या पट्ट्या बसवून ब्रेड किंचित उचलून धरला असेल तर उत्तम, चुराही त्यांच्यामधून ताटलीत पडतो. बिजागऱ्यांचे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का, हे विक्रेत्याला विचारावे. साधे लोखंडी असतील तर आमच्या हवेत वर्षाच्या आत गंजाचे डाग बांबूत उतरतात.

मला ऑनलाइन मागवलेला पहिला नग बाजूची एक फळी तिरकी बसवलेल्या अवस्थेत आला होता आणि तो बदलून मिळायला बरीच तगमग करावी लागली, फोटो दोनदा पाठवावे लागले. तेव्हा खोका उघडल्याबरोबर, बदलून घेण्याची मुदत असतानाच, तपासणी करून घ्यावी. मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या पाट आणि फळी यांच्या कोपऱ्यात धरला की फळी काटकोनात आहे की नाही ते लगेच कळते. त्यानंतर लोफ न ठेवता सुरी प्रत्येक जोडीच्या दोन्ही खाचांत घालून तळापर्यंत नेऊन पाहावी. ती कुठे अडत असेल तर खाचा समोरासमोर नाहीत. खाचांच्या तळाशी सुटलेले कूस असले तर बारीक सँडपेपरची घडी आत फिरवून काढता येते, त्यासाठी परत पाठवायची गरज नाही. फळी तिरकी असेल किंवा खाचा जुळत नसतील तर मात्र परतच पाठवावा, कारण हा दोष घरी दुरुस्त होत नाही आणि पुढच्या प्रत्येक लोफच्या प्रत्येक स्लाइसमध्ये तो उतरतो.